जुना टॅब आणि परक्याचे कुलूप

जुनी वस्तू विकत घेण्यात कमीपणा मानावा, अशी शिकवण आपल्या घरांतून कोणी कोणास दिल्याचे आम्हांस आठवत नाही. थोरल्याची पुस्तके धाकट्याकडे यावयाची, मावशीचे शिवणयंत्र भाचीच्या संसारात जावयाचे, आणि बदली होऊन परगावी निघालेल्या एखाद्या अधिकाऱ्याचे शिसवी कपाट आपल्या माजघरात येऊन तीन पिढ्या नांदावयाचे, हे इंदूर-ग्वाल्हेरकडील, बडोद्याकडील किंवा हैदराबादेकडील मराठी घरांना काही नवे नाही. त्याबरोबरच जुन्या वस्तूची पारख करण्याची विद्याही घरोघर होती. भांडे घेताना ते वाजवून पाहावे, सायकल घेताना चाक उचलून फिरवावे, बैल घेताना दात मोजावे व चार पावले जुंपून चालवावा. डोळे उघडे ठेवले की वस्तूचे गुणदोष तिच्याच अंगावर दिसत.

अलीकडे मात्र घरात एक अशी वस्तू येऊ लागली आहे, की जिच्यापुढे ही सारी विद्या लंगडी पडते. ती वस्तू म्हणजे टॅब. काच निखळ, कड कोठे चेपलेली नाही, बॅटरी दिवसभर टिकते, आवाज स्वच्छ. आणि इतके सगळे असूनही ती घरी आणल्यावर काचेच्या पाटीहून अधिक काही ठरत नाही, असे घडते. कारण तिला लागलेले कुलूप तिच्या अंगावर नसतेच. ते हजारो मैलांवरील कंपनीच्या दप्तरात असते आणि त्याची किल्ली जुन्या मालकाच्या स्मरणात.

२०२० साली शाळा घरात आल्या आणि टॅब ही चैनीची वस्तू राहिली नाही. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी शिकवणीचे वर्ग, सराव-परीक्षा, आजीची कीर्तने आणि परदेशातील नातवंडांचे मुखदर्शन ही कामे त्याच्याकडे राहिली ती राहिलीच. नवा आयपॅड घ्यावयाचा तर तीस हजारांच्या वर जावे लागते. तेव्हा दहा-बारा हजारांत मिळणाऱ्या जुन्याकडे मन वळणे साहजिक आहे. त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते केवळ पाटी पाहून पैसे मोजण्यात.

हे कुलूप आले कोठून, ते आधी पाहू. २०१० साली आयपॅड बाजारात आला, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील व इंग्लंडमधील मोठ्या शहरांतून महागडे फोन व टॅब हिसकावून नेण्याचे प्रकार फार वाढले. चोरलेला संच पुसून कोरा करावा आणि दुसऱ्या दिवशी विकावा, इतका हा धंदा सोपा होता. २०१३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन व सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी पुढाकार घेऊन कंपन्यांना खडसावले, की चोरीला गेलेला संच निरुपयोगी होईल अशी सोय तुम्ही केलीच पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरात ॲपलने आयओएसच्या सातव्या आवृत्तीबरोबर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणले. गूगलने २०१५ साली अँड्रॉइडच्या ५.१ या आवृत्तीत तशीच तजवीज केली. तिचे नाव ‘फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन’, बाजारातल्या बोलीत ‘एफआरपी’. कॅलिफोर्नियाने तर २०१४ साली कायदाच केला आणि १ जुलै २०१५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनांना असे कुलूप सक्तीचे झाले. परिणाम व्हावयाचा तो झाला. २०१५ च्या आरंभी जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे ॲपलच्या कुलपानंतरच्या वर्षभरात आयफोनच्या चोऱ्या लंडनमध्ये निम्म्याने, सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी उतरल्या.

तेव्हा या कुलपाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपला स्वतःचा टॅब गाडीत राहिला, तर आपणही त्याचेच उपकार मानू.

याचे मर्म समजण्यास आपल्या परिचयाचा एक दाखला पुरेल. घराची किल्ली हाती आली म्हणजे घर आपले झाले, असे कोणी मानीत नाही. महाराष्ट्रात वा बेळगावकडे उतारा पाहतात, आमच्याकडे माळव्यात नामांतरण झाले की नाही ते विचारतात. दप्तरात नाव चढले, की मग घर आपले. टॅबचेही तसेच आहे. पहिल्या मालकाने आपले खाते त्यात भरले आणि ‘फाइंड माय’ ही शोधण्याची सोय चालू केली, की संचाचा क्रमांक व त्या माणसाचे खाते यांची गाठ कंपनीच्या दप्तरात बांधली जाते. पुढे कोणी तो संच कितीही वेळा पुसला, बॅटरी बदलली, काच बदलली, तरी ती गाठ सुटत नाही. कोरा केलेला संच पहिल्यांदा इंटरनेटला जोडला, की तो आधी कंपनीला विचारतो, ‘मी कोणाचा?’ तिकडून जुन्या मालकाचे नाव आले, की संच तेथेच थबकतो आणि त्याचा पासवर्ड मागतो. पाटी तुमच्या हाती, उतारा मात्र दुसऱ्याच्या नावावर.

यातील ‘इंटरनेटला जोडला की’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. फसवणुकीची सारी मेख तेथेच आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी गेल्या पावसाळ्यात मुलीच्या अभ्यासासाठी अकरा हजार रुपयांना एक आयपॅड घेतला. मुलगी बारावीत, शिकवणीचे सारे व्हिडिओ वडिलांच्या फोनवर पाहावयाची. आणि वडील कामावर गेले की अभ्यास बंद. दुकानात संच चालू करून दाखविला गेला. पडद्यावर निरनिराळ्या भाषांतील स्वागताचे शब्द एकामागून एक झळकत होते, ते पाहून गृहस्थांना वाटले, वस्तू अगदी नव्यासारखी कोरी आहे. दुकानदारही म्हणाला, “देखिए साहब, एकदम फ्रेश. घर जाकर वायफाय लगा लीजिए.” पावतीऐवजी एक कार्ड हाती मिळाले, त्याच्या पाठीवर रक्कम लिहिलेली. घरी वायफाय जोडला, आणि पडद्यावर आले ते असे, की हा संच त्याच्या मालकाच्या खात्याला बांधलेला आहे. खाली मालकाच्या ईमेलचे पहिले अक्षर आणि पुढे नुसते ठिपके.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचे बोलणे बदलले. “आयडी लॉक है, बाहर से तुड़वा लीजिए, पंद्रह सौ लगेंगे.” मुलीची आई म्हणाली, “अहो, अकरा हजार गेले आहेत, त्यात पंधराशे घालून टाका. पोरीची परीक्षा तोंडावर आली आहे.” तिचे म्हणणे अवाजवी होते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मुलीने पडदा नीट वाचला होता. ठिपक्यांच्या आधी दोन ओळींचा एक निरोप होता: हा आयपॅड हरवला आहे, कृपया या क्रमांकावर कळवावे. मालकाने संच ‘हरवला’ म्हणून नोंदविला, की असा निरोप पडद्यावर उमटतो आणि संच पुसला तरी तो पुसला जात नाही. मुलगी म्हणाली, “बाबा, आधी फोन तर करू या.”

फोन एका प्रौढ बाईंनी उचलला. त्यांचा मुलगा परगावी शिकत होता. सुटीत घरी येताना गाडीत त्याची बॅग गेली, तीत हा आयपॅड होता. रेल्वे पोलिसांत तक्रार दिलेली होती. त्या बाईंना फोनवर हुंदका आला, तो आयपॅडसाठी नव्हे. मुलाच्या प्रकल्पाचे दोन वर्षांचे काम त्यात होते आणि ते मिळेल अशी त्यांना आशा वाटली. संच पुसला गेल्यामुळे ते काम त्यात आता नाही, हे मुलीलाच त्यांना सांगावे लागले.

पुढचा विचार त्या घरात रात्रभर चालला. कायद्याच्या दृष्टीने पाहता विचाराला फारशी जागा नव्हती. १९३० च्या माल विक्री अधिनियमाचे कलम २७ सांगते, की ज्याच्याकडे मालकी नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. म्हणजे चोरीचा माल दहा हातांतून गेला, रोख पैसे मोजून प्रामाणिकपणे घेतला, तरी तो मूळ मालकाचाच राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ त्याहून पुढे जाते. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे तो घेणे व ठेवून घेणे, दोन्ही गुन्हे. आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अजाणता घेणारा गुन्हेगार नव्हे. परंतु फोन केल्यानंतर अजाणतेपण उरत नाही. गृहस्थ सकाळी टॅब घेऊन ठाण्यात गेले व लेखी देऊन आले. पोलिसांचे नाव निघताच दुकानदाराने सात हजार परत केले. उरलेले चार हजार पावती नसल्यामुळे अडकले, ते आजतागायत.

असा प्रत्येक कुलूपबंद टॅब चोरीचाच असतो, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. आमच्या पाहण्यात विसराळूपणाची प्रकरणेच अधिक आली. माणूस टॅब विकतो, त्यातली छायाचित्रे पुसतो, आणि खाते काढावयाचे विसरतो. अशा प्रसंगी भांडण मांडण्याचे कारण नसते. विकणाऱ्याने आपल्या घरी बसून, कोणत्याही संगणकावरून आयक्लाउडच्या संकेतस्थळावर जावे, ‘फाइंड माय’मध्ये तो संच निवडावा आणि आपल्या खात्यातून काढून टाकावा. पाच मिनिटांचे काम. म्हणूनच विकणाऱ्याचे नाव, पत्ता व फोन नोंदवून घेणे हे संशयाचे लक्षण नसून सोयीचे आहे.

आता दुकानात काय करावे ते सांगतो. आपला मोबाइल बरोबर असावा आणि त्यात इंटरनेट असावे. दुकानाच्या वायफायवर विसंबू नये. संच कोरा करून ठेवलेला असेल, तर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट त्याला जोडावा आणि स्वागताच्या पडद्यापासून शेवटच्या, चित्रांच्या पडद्यापर्यंत सारी मांडणी तेथेच उभ्या उभ्या पुरी करावी. दहा-पंधरा मिनिटे लागतील. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावे. मध्येच जुन्या मालकाचे खाते विचारले गेले, तर संच खाली ठेवून नमस्कार करावा.

संच कोरा नसून चालू असेल, तर सेटिंग्ज उघडून अगदी वर पाहावे. आयपॅडमध्ये तेथे कोणाचे नाव दिसत असेल, तर खाते अजून आत आहे. विकणाऱ्याने आपल्यासमोर आपल्या पासवर्डाने साइन आउट करावे, मग संच पुसावा, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे मांडणी करून पाहावी. अँड्रॉइडच्या टॅबमध्ये ‘अकाउंट्स’ या सदरात गूगलचे खाते असते, आणि सॅमसंगचा टॅब असेल तर सॅमसंगचे खाते वेगळे; दोन्ही काढावयाची. येथे एक बारकावा आहे. सेटिंग्जमधून, पिन घालून पुसलेला टॅब आणि बाजूची बटणे दाबून धरून बळे पुसलेला टॅब यांत फरक पडतो. ज्याला पिन ठाऊक नाही, तो दुसरा मार्ग धरतो. आणि त्या मार्गाने पुसलेला टॅब पुढे जुन्या मालकाचे खाते किंवा पिन हटकून मागतो. विकणारा बटणांशीच झटू लागला, की काय समजावयाचे ते समजावे.

सिमकार्ड चालणारा टॅब असेल, तर आणखी एक परीक्षा आहे. *#०६# दाबले असता, अथवा सेटिंग्जमध्ये पाहिले असता, पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक मिळतो. केवायएम, मग मोकळी जागा, मग तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर धाडला, की संच काळ्या यादीत आहे काय ते कळते. भारत सरकारचे ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये सुरू झाले, तेथेही हीच सोय आहे. परंतु केवळ वायफायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतोच, आणि घरोघर घेतले जाणारे पुष्कळ टॅब याच जातीचे असतात. त्यांना ही परीक्षा लागू नाही. तेथे मांडणी पुरी करून पाहणे हीच एक परीक्षा.

‘बायपास’ या शब्दाविषयी आमचे मत कडक आहे. पंधराशे रुपयांत कुलूप तोडून देणारे असतात, आणि काही जुन्या संचांत ते काही काळ टॅब चालूही करून देतात. पण दप्तरातील गाठ तशीच राहते. आपले खाते त्यात नीट चालत नाही, आणि संच पुन्हा पुसला किंवा नवी आवृत्ती चढवली, की कुलूप जागच्या जागी परत. शिवाय ज्या अनोळखी माणसाने आत शिरून हे उपद्व्याप केले, त्याने आणखी काय ठेवून दिले असेल ते आपणास कळावयास मार्ग नाही. आणि याच टॅबवर आपण बँकेचे व्यवहार करणार. त्याहून भोळा प्रकार म्हणजे विकणाऱ्याने आपले खाते तसेच ठेवून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणे. लोक त्याला विश्वास समजतात. वस्तुतः खाते ज्याचे, त्याला तो टॅब कोठे आहे हे दिसते, दूर बसून तो बंद करता येतो, पुसता येतो; आणि आपल्या घरातील छायाचित्रे त्याच्या खात्यात जमा होत राहतात, ते वेगळेच.

कंपनीचे किंवा शाळेचे टॅब ही आणखी निराळी जात. हरियाणा सरकारने मे २०२२ मध्ये शाळकरी मुलांना सुमारे पाच लाख टॅब देण्याची योजना सुरू केली, त्याप्रमाणे ठिकठिकाणी संस्था टॅब वाटतात आणि त्यांवर आपला दूरस्थ ताबा ठेवतात. असा टॅब मांडणीच्या वेळी ‘रिमोट मॅनेजमेंट’ असे शब्द किंवा संस्थेचे नाव दाखवितो. येथे विकणाऱ्याला स्वतःचा पासवर्ड ठाऊक असूनही उपयोग नसतो. गाठ संस्थेने बांधलेली, ती संस्थेच्या व्यवस्थापकानेच सोडवावयाची. परीक्षा झाली म्हणून परत करावयाचा टॅब कोणी विकत असेल, तर तो विकण्याचा त्याला अधिकारच नाही.

पैसे देऊन झाले आणि मग कुलूप दिसले, तर? दुकानातून घेतला असल्यास २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूचा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. आणि जिल्हा आयोगाकडे जावयाचे ठरल्यास पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. शेजाऱ्याकडून वा अनोळखी खाजगी माणसाकडून घेतला असल्यास ही दारे बंद. मग उरतो तो माल विक्री अधिनियम आणि दिवाणी न्यायालयाची पायरी. कंपनीकडे जावे, तर ती पहिल्या खरेदीचे मूळ बिल मागते, आणि ते संचाच्या क्रमांकाशी जुळले पाहिजे. यास्तव जुना टॅब घेताना त्याचे पहिले बिल मागावे. खोका नसला तरी चालेल. बिल नसेल, तर साध्या कागदावर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन, टॅबचा अनुक्रमांक, रक्कम व तारीख लिहून सही घ्यावी, आणि ‘माझे खाते काढले आहे’ हे वाक्य त्यात त्याच्याच हस्ताक्षरात असावे. हे वाक्य लिहिण्यास कचरणारा माणूस आम्हांस अद्याप प्रामाणिक आढळलेला नाही.

राहिला एक प्रसंग, आणि तो आपल्यासारख्या घरांत वरचेवर घडतो. वडील गेले. त्यांचा आयपॅड कपाटात आहे, त्यात नातवाच्या मुंजीची छायाचित्रे आहेत, आणि पासवर्ड कोणास ठाऊक नाही. कुलपाला शोक कळत नाही. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नावाची सोय केली आहे. हयातीत एखाद्या आप्ताचे नाव तेथे घातले असले, तर त्याला मिळालेली सांकेतिक किल्ली व मृत्यूचा दाखला यांवर पुष्कळसा संग्रह मिळतो आणि टॅबचे कुलूपही निघते. नाव घातलेले नसल्यास कागदपत्रांचा फेरा फार लांबतो, प्रसंगी न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. गूगलची अशीच सोय २०१३ पासून आहे. वडीलधाऱ्यांपुढे हा विषय काढणे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु बँकेच्या खात्याला वारसाचे नाव लावताना आपण संकोच करीत नाही, आणि हे काम त्याच दुपारी, त्याच चष्म्याने होण्यासारखे आहे.

आणि परदेशी गेलेल्या मुलाने दिवाळीत येताना आणलेला जुना टॅब आता कामवाल्या बाईंच्या मुलीला द्यावयाचा असेल, तर रविवारी त्याचा फोन येईल तेव्हा त्याला आठवण करावी. टॅबचा अनुक्रमांक पाठीमागे बारीक अक्षरांत असेल. चष्मा लावून तो वाचून दाखवावा, म्हणजे यादीतील नेमका तोच संच त्याला काढता येईल. तो तिकडून काढीपर्यंत फोन ठेवू नये. मग टॅब बंद करून पुन्हा चालू करावा, वायफाय जोडावा, आणि कोणाचेही नाव न विचारता तो शेवटच्या पडद्यापर्यंत गेला, की मगच त्या मुलीच्या हाती द्यावा.